डिस्प्ले गेला म्हणण्याआधी

मागच्या महिन्यात आमच्या आळीतली एक मुलगी संध्याकाळी लॅपटॉप छातीशी धरून घरी आली. म्हणाली, "काका, हा मेला. आता काय करू?" पोर बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. वडील ट्रेलरवर चालक. द्रोणागिरीकडच्या एका गोदामाच्या कचेरीतून मोडीत निघालेला हा लॅपटॉप त्यांनी दोन हजारांत आणला होता. शिष्यवृत्तीचा अर्ज घरी बसून भरता यावा, हिशेबाचे तक्ते करायला शिकावे, एवढीच अपेक्षा.

त्यावर विंडोज धड चालत नव्हते. विंडोज १० ची नेहमीची दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ ला निदान ४ जीबी मेमरी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. हिच्याकडे मेमरी अवघी २ जीबी. म्हणून हलके लिनक्स टाकण्याचा सल्ला मीच दिला होता. तिने पेन ड्राइव्ह लावला, पडद्यावर यादी आली, एंटर दाबले आणि सगळे काळे. बाजारातल्या एका दुकानात नेला, तर त्यांनी न उघडताच सांगितले, "डिस्प्ले गेला. नवा टाकावा लागेल, साडेचार हजार." वडील मालकाकडे उचल मागायच्या तयारीत होते.

मी विचारले, "चालू करताना कंपनीचे चिन्ह दिसते का?"

"दिसते."

"पेन ड्राइव्हची यादी वाचता आली?"

"आली की!"

"मग पडदा गेला कसा?"

वाचकहो, सगळी मेख इथे आहे. ओहोटीला मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागत नाही, म्हणून लाँच बुडाली असे आपण म्हणत नाही. चिन्ह आणि यादी दिसते याचा अर्थ पडदा, त्याची वायर आणि आतला दिवा शाबूत आहेत. बिघाड त्यानंतरच्या पायरीवर आहे.

ती पायरी अशी. लॅपटॉप सुरू होताना पडद्याचा ताबा आधी मशीनच्या मूळ प्रोग्रामकडे, म्हणजे बायोसकडे असतो. मग लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो ताबा स्वतःकडे घेतो आणि चित्र किती रुंद-उंच असावे ते ठरवतो. ही पद्धत २००९ पासून रुळली. बहुतेक यंत्रांवर ती चांगली चालते. पण काही जुन्या ग्राफिक चिपांशी कर्नलचे जुळत नाही. मग आत काम चालू राहते आणि बाहेर मात्र अंधार.

उपाय सोपा आहे. यादीत "सेफ ग्राफिक्स" किंवा "कंपॅटिबिलिटी मोड" असे काही असेल तर तेच निवडा. नसेल तर पहिल्या ओळीवर थांबून इंग्रजी ई दाबा. काही ओळी उघडतील. "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा आणि तिच्या शेवटी एक जागा सोडून "नोमोडसेट" हा शब्द टाइप करा. इंग्रजी अक्षरे अशी: एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी. सगळी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. ओळीच्या शेवटी दोन-तीन आडव्या रेघा असतील तर शब्द त्यांच्या आधी घाला. मग एफ १० दाबा. या शब्दाचा अर्थ एवढाच, की बाबा रे, पडद्याला हात लावू नकोस, आहे तसा राहू दे.

पोरीने शब्द टाइप केला आणि अर्ध्या मिनिटात चित्र आले. पण ते मोठे आणि बेढब. लिनक्स बसवण्याची खिडकी उघडली तर "पुढे" जाण्याचे बटण पडद्याच्या खाली गडप. अशा वेळी ऑल्ट दाबून धरावे आणि माउसने खिडकी वर ओढावी, बटण दिसते. आणि बसवण्याआधी जुने फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. डिस्क पुसली की ती परत मिळण्याची खात्री नाही.

लिनक्स बसले, लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि परत काळोख! पोरीचा चेहरा उतरला. मी काही बोलणार तोच तीच म्हणाली, "काका, तो शब्द पेन ड्राइव्हवर लिहिला होता ना? आत कुठे लिहिलाय?" अगदी बरोबर. यादी येत नव्हती, म्हणून सुरू करताना शिफ्ट दाबून धरले. नव्या पद्धतीच्या यंत्रांवर एस्केप टिचकवावे लागते. यादी आली, शब्द पुन्हा टाकला, चित्र आले. मोबाइलचे इंटरनेट जोडून ड्रायव्हरच्या यादीत पाहिले, तर त्या चिपला जुळणारा ड्रायव्हर होता. तो बसवल्यावर शब्दाशिवायही चित्र आले, १३६६ बाय ७६८, अगदी रेखीव. "नोमोडसेट" ही कुबडी आहे. पाय बरा झाला की ती सोडायची, कारण तिच्यासोबत व्हिडिओ अडखळतो आणि उजेड कमी-जास्त होईलच असे नाही. ड्रायव्हर मिळालाच नाही, तर ईटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरात ग्रब नावाची फाइल असते, तिच्यात शब्द कायमचा लिहून अपडेट-ग्रब ही आज्ञा द्यावी लागते.

आणखी दोन खुणा सांगतो. पडदा काळा, पण टॉर्च तिरकी धरली की पुसट अक्षरे दिसतात, तर चित्र येते आहे, मागचा उजेड तेवढा बंद आहे. आधी उजेड वाढवण्याची कळ दाबून पाहा. दुसरी खूण, चित्र भलत्याच बाहेरच्या पडद्याकडे गेलेले असते. एफएन दाबून पडद्याचे चित्र असलेली कळ दाबा, किंवा टीव्हीची वायर जोडून पाहा.

दुकानदार नेहमी खोटे बोलतो असे माझे म्हणणे नाही. कंपनीच्या चिन्हावरच रेघा आल्या, झाकण हलवले की चित्र लुकलुकले, किंवा काहीच दिसत नसताना टीव्हीवर मात्र स्वच्छ चित्र आले, तर वायर किंवा पडदाच बिघडला. तिथे लिनक्स काही करू शकत नाही. पण हे सगळे तपासायला खर्च शून्य, म्हणून ते आधी करावे.

लिनक्स फुकट आहे म्हणून ते दुय्यम, असा समज काढून टाका. १९९१ साली फिनलंडमधल्या लायनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ते सुरू केले. ते उघडून पाहण्याचा, बदलण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क परवान्यातच लिहिलेला आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुले त्यावरच संगणक शिकतात. पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात, तेही विनामूल्य. विद्या कुणाच्या कुलपात राहू नये, हे आपल्या माणसांना वेगळे सांगायला नको.

उचल घ्यावी लागली नाही. अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. तो काळा पडदा आता पोरगी दुसऱ्यांना समजावून सांगते, वहीत पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत. आपल्याही वस्तीत अशी एक वही आणि एक पेन ड्राइव्ह ठेवा. कुणी "डिस्प्ले गेला" म्हणत आला, तर खिशात हात घालण्याआधी विचारा, चिन्ह दिसते का?