विश्लेषण : लोकलची गर्दी… सोसायची की सुधारायची?

लोकल कितीही भरलेली असली तरी मुंबईकर आत शिरतो, लटकतो आणि कामावर पोहोचतो. याला ‘मुंबई स्पिरिट’ म्हणायचे की नाइलाज? आजवर सोसून काय मिळाले आणि मागणी लावून धरल्यावर काय बदलले, याचा आढावा.

प्रश्न किती गंभीर आहे?

मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सुमारे ७५ लाख प्रवासी प्रवास करतात. ऐन गर्दीच्या वेळी डब्यातील एका चौरस मीटर जागेत १४ ते १६ जण उभे असतात. या अवस्थेला रेल्वेच्या परिभाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नावच आहे. मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेनुसार, २०२३ मध्ये उपनगरी मार्गांवर २,५९० जणांचा मृत्यू झाला. म्हणजे रोज सरासरी सात. त्यांत रूळ ओलांडताना मरण पावलेले सर्वाधिक आणि त्याखालोखाल गाडीतून पडलेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडले आणि काहींनी जीव गमावला.

मग रोजचा संताप का दिसत नाही?

एकाच ठिकाणी सात जण दगावले तर ती मोठी बातमी होते. सात वेगवेगळ्या स्थानकांदरम्यान एकेक जण गेला तर आतल्या पानावर चार ओळी येतात. दुसरे कारण म्हणजे प्रत्येकाने स्वतःपुरता काढलेला मार्ग. कुणी उलट दिशेने जाऊन जागा पकडून परत येतो, कुणी तासभर आधी निघतो, तर कुणी तिघांच्या बाकावर ‘चौथी सीट’ मिळवतो. मस्टर गाठायचे असलेल्या माणसाला यात दोष देता येत नाही. मात्र लाखो लोकांनी असे जुळवून घेतले की व्यवस्थेतील उणीव झाकली जाते. गाड्या भरून धावतात, कार्यालये सुरू राहतात आणि सगळे सुरळीत असल्याचे भासते.

‘स्पिरिट’चे कौतुक चुकीचे आहे का?

११ जुलै २००६ च्या बॉम्बस्फोटमालिकेत लोकलमधील १८० हून अधिक प्रवाशांचा बळी गेला. दुसऱ्या दिवशी मुंबईकर पुन्हा लोकलमध्ये होते. दहशतीपुढे न झुकण्याचे ते धैर्य खरेच होते. अडचण अशी की तोच शब्द पुढे तुंबलेले रूळ, रद्द झालेल्या गाड्या आणि जीवघेणी गर्दी यांनाही लावला गेला. हल्ला रोखणे प्रवाशाच्या हातात नसते. गर्दीचे नियोजन मात्र कुणाची तरी नेमून दिलेली जबाबदारी असते. तिथे सहनशीलतेचे कौतुक झाले की ज्यांनी उत्तर द्यायचे, ते सुटतात.

अर्थशास्त्र काय सांगते?

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेला सिद्धांत इथे उपयोगी पडतो. सेवा बिघडली की ग्राहकापुढे दोन वाटा असतात : ती सोडणे किंवा आवाज उठवणे. हा विचार त्यांना सुचला तोही एका रेल्वेवरूनच. नायजेरियातील रेल्वे ट्रकच्या स्पर्धेत मागे पडत असूनही सुधारत नव्हती. कारण ज्यांच्या तक्रारीला वजन होते, ते मोठे ग्राहक आधीच ट्रककडे वळले होते. मुंबईतही ऐपत असलेला प्रवासी मोटार, मेट्रो किंवा एसी लोकलकडे वळतो. उरतो तो दुसरा पर्याय नसलेला आणि तक्रारीसाठी वेळही नसलेला प्रवासी.

आवाज उठवल्याने काही बदलले का?

होय, आणि उदाहरणे ठोस आहेत. १९८९ मध्ये बोरिवलीत रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी माहितीचा अधिकार आणि जनहित याचिका यांच्या आधारे वर्षानुवर्षे लढले. जखमींसाठी स्थानकांवर रुग्णवाहिका आणि तातडीच्या उपचारांची सोय होण्यामागे या न्यायालयीन लढ्याचा मोठा वाटा आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला गाडी आणि फलाट यांच्यातील पोकळीत पडून एका तरुणीने दोन्ही हात गमावले. त्यानंतर जनमत आणि न्यायालय यांच्या रेट्यामुळे फलाटांची उंची वाढवण्याच्या कामाला गती आली.

एल्फिन्स्टन रोडचा अरुंद पूल मात्र वेगळी गोष्ट सांगतो. प्रवाशांच्या तक्रारी आधीपासून होत्या. २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाल्यावर लष्कराला पाचारण करण्यात आले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये नवा पूल खुला झाला. म्हणजे काम अशक्य नव्हते, निकड कुणाला वाटत नव्हती.

प्रत्येक सुधारणा सर्वांच्या हिताची असते का?

नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी लोकल आल्याने कळवा, बदलापूर येथे प्रवासी आंदोलनात उतरले. अखेर मध्य रेल्वेने एसी लोकलच्या दहा फेऱ्या मागे घेतल्या. दारे बंद होणारी गाडी सुरक्षित असतेच. पण तिचे भाडे परवडत नसलेल्यांना ती मागच्या, आणखी भरलेल्या गाडीत ढकलते. मुंब्र्यानंतर रेल्वेने साध्या लोकललाही स्वयंचलित दारे आणि हवा खेळती राहण्याची व्यवस्था देण्याचे जाहीर केले, ते म्हणूनच महत्त्वाचे.

कायदा प्रवाशाच्या बाजूने आहे का?

बऱ्याच अंशी. टपावरून किंवा पायरीवरून प्रवास करणे रेल्वे कायद्याच्या कलम १५६ नुसार गुन्हा आहे. मात्र गाडीतून अपघाताने पडणे ही कलम १२३ नुसार ‘अनुचित घटना’ ठरते आणि कलम १२४अ नुसार रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मागता येते. मृत्यूसाठी ही रक्कम आठ लाख रुपये आहे. मृताकडे तिकीट वा पास होता का, यावर अनेक दावे अडतात. त्यामुळे पासची प्रत घरी किंवा कुटुंबीयांच्या मोबाइलमध्ये असलेली बरी.

पुढे काय?

नवे मार्ग एका रात्रीत होत नाहीत. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका दीर्घ रखडपट्टीनंतर २०२२ मध्ये खुली झाली. भूसंपादन, पुनर्वसन, राज्य आणि रेल्वे यांच्यातील खर्चाची वाटणी यांत वर्षे जातात. तोवर उद्याची गाडी पकडावीच लागेल, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

पण ‘गर्दी कमी करा’ ही मागणी कुणा एकाच्या टेबलावर जात नाही. अमुक स्थानकाचा पूल, अमुक फलाटाची उंची, अमुक वेळेची १५ डब्यांची गाडी ही मागणी जाते आणि तिची तारीखही विचारता येते. बारा डब्यांच्या गाडीला तीन डबे जोडले की क्षमता पाव पटीने वाढते. कार्यालयांच्या वेळा विभागण्यासाठी तर रूळही टाकावे लागत नाहीत. प्रवासी संघटना, नगरसेवक, आमदार, खासदार यांच्याकडे अशा नेमक्या मागण्यांचा पाठपुरावा झाला, तर पुढच्या दुर्घटनेची वाट पाहावी लागणार नाही.