कोळशाचा त्याग आणि उचगावचा कामगार

उचगावात कोळशाची खाण नाही की तेलाची विहीर नाही. म्हणून जीवाश्म इंधनांच्या त्यागाचा प्रश्न आपला नव्हे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. हा समज तपासून पाहिला पाहिजे.

शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फाउंड्रींत सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील ओतले जातात. विजेवरच्या मोटारीला यांतला एकही भाग लागत नाही. दुसरीकडे, कोकवरच्या क्युपोलाऐवजी विजेची भट्टी आली, तरी महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावरच होते. म्हणजे इंधन बदलाचा घाव या कामगारावर दोन्ही बाजूंनी पडणार आहे. आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा रोजंदारी बुडाली ती त्याचीच. असे पूर तापत्या हवेत वाढत जाणार, असा शास्त्रज्ञांचा इशारा आहे. तेव्हा ‘कोळसा चालू द्या’ हेही त्याच्या हिताचे उत्तर नव्हे.

प्रश्न आहे तो बदलाची किंमत कोणी मोजावी हा. २०२३ साली दुबईत सर्व राष्ट्रांनी जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचे मान्य केले. २०२५ मध्ये बेलेमच्या अंतिम ठरावात मात्र या इंधनांचे नावही आले नाही. कामगारांच्या न्याय्य संक्रमणासाठी यंत्रणा उभारण्याचे तेथे ठरले, पण तिच्यासाठी नवा निधी ठरला नाही. दक्षिण आफ्रिकेला २०२१ साली साडेआठ अब्ज डॉलरचे आश्वासन मिळाले. त्यातील बहुतांश रक्कम कर्जाऊ होती. उलट २०२६ पासून युरोपीय संघाने आयात लोखंड-पोलादावर कार्बनचा आकार लागू केला. त्याची वसुली युरोपच्याच तिजोरीत जाणार. दीड-दोन शतके धूर सोडून जे श्रीमंत झाले, त्यांनी गरिबांना कर्ज द्यावे आणि वर जकातही घ्यावी, याला सहकार्य म्हणता येणार नाही.

अर्थात परराष्ट्रांकडे बोट दाखवून आपले सरकार व येथील मालक सुटत नाहीत. कंत्राटी कामगाराचे नाव हजेरीपटावरच नसेल, तर बाहेरून आलेला निधी त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? सबब आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात: कंत्राटी कामगारांची नोंद, पगारी पुनर्प्रशिक्षण, संक्रमणकाळातील वेतनाची हमी आणि कर्जाऐवजी अनुदान. पहिली मागणी मात्र दिल्ली-ब्रुसेल्सची वाट पाहत नाही. नोंदवहीचे ते काम कार्यकर्त्यांनी उचगावातूनच सुरू करावे.