गॅस संपला, साहेब!

मुंबईत समुद्राकाठी राहणाऱ्याला दर उन्हाळ्यात एक वाक्य ऐकावं लागतं : ‘साहेब, एसीचा गॅस संपला.’ अहो, संपला म्हणजे काय? तो काय स्वयंपाकाचा सिलिंडर आहे? एसीतला गॅस बंद नळ्यांतून नुसता फिरतो. ना जळतो, ना खर्च होतो. कमी झाला तर कुठून तरी गळलाच! गळवणारा आपला खारा वारा. बाहेरच्या यंत्रात तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे शेजारी नांदतात. मीठ अन् ओल मिळाली की दोघांचं बिनसतं. आधी पत्र्यांचा भुगा होतो, पुढे नळीला, सांध्याला बारीक भोक.

बँकेत एखाद्या खात्यातली शिल्लक आपोआप घटू लागली, तर आम्ही आधी खतावणी उघडतो. मेकॅनिक मात्र भोक न शोधताच भरणा करतो, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा हजर! तेव्हा पैसे मोजण्याआधी गळती दाखवायला लावा. साबणाचा बुडबुडा खोटं बोलत नाही. आणि महिन्याकाठी, वीज बंद करून, बाहेरचं यंत्र गोड्या पाण्यानं हलकेच धुऊन घ्या. खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे. यंत्रं नाही जागत.