गल्ल्याची चावी आणि मोबाईलमधलं मार्केट



"आजकालच्या मुलांना झटपट पैसा हवा." मंदिरातून निघताना चपला घालता घालता हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलं आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं.

लोभ आहेच, तो कुणाला सुटलाय? पण आपल्या भिवंडीकडे बघा. यंत्रमाग मंदावलेत, सुताच्या भावाचा भरवसा नाही, गोदामातल्या पगारात महिना कसाबसा निघतो. एफडीचं व्याज महागाईच खाऊन टाकते. आणि ज्यांचं दुकान आहे, त्या घरात पस्तिशीच्या मुलाच्या हाती तरी गल्ल्याची चावी कुठे असते? कुणाला न विचारता स्वतःच्या नावावर काही करायची जागा त्याला पहिल्यांदा मोबाईलमध्ये सापडली.

त्यात लॉकडाऊन आला. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला आणि जानेवारी २०२१ मध्ये ५०,००० ला टेकला. मधल्या काळात ज्याने जे घेतलं ते चढलं. घरी बसून सगळ्यांनी 'स्कॅम १९९२'ही बघितली. पहिला घास गोड लागला की हात पुन्हा ताटाकडे जातोच.

माझी भाची पगारातून दरमहा चार शेअर घेते आणि विसरून जाते. तिला मी काही बोलत नाही, उलट कौतुक वाटतं. काळजी आहे ती ऑप्शनची. पोरं दोन्हीला "मार्केट" म्हणतात आणि आपण फसतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये हिशेब मांडला: तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून जास्त लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा सुमारे दोन लाख. त्यांत तिशीच्या आतले एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. तोट्यातल्या चारांपैकी तिघे तरीही खेळत राहिले. सप्त व्यसनांत द्यूत पहिलं का सांगितलंय, हे मला ते वाचून नव्याने कळलं. भावाच्या चढउतारापासून माल वाचवायला व्यापारी सौदा करतो, ती गोष्ट वेगळी. आठवड्याच्या मुदतीवर बोली लावणं मला तरी जुगारच वाटतो.

हे नवीन नाही. अमेरिकेतल्या युद्धाने कापूस महागला, तेव्हा मुंबईत शेअरचं वेड लागलं. आपल्या समाजातले प्रेमचंद रायचंद त्याच्या मध्यभागी होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस पडला आणि त्यांच्यासकट अनेकांची घरं बसली. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये उभा राहिला. दृष्टी गेलेल्या त्या माउलीला सूर्यास्ताआधी जेवायची वेळ घंटेवरून कळावी म्हणून तो बांधला, असं सांगतात.

श्रावकाला परिग्रह-परिमाण सांगितलंय, म्हणजे किती ठेवायचं याची मर्यादा आधी ठरवायची. मुलाशीही तेच बोलता येतं: किती रक्कम गेली तर थांबायचं, ते मार्केट उघडायच्या आधी लिहून ठेव. उधारीच्या पैशाला हात लावायचा नाही. ओरडून "बंद कर" म्हटलं की तो फोन उलटा ठेवतो, एवढंच होतं.

आणखी एक. फ्युचर-ऑप्शनचा नफा-तोटा आयकरात धंद्याचा धरतात, म्हणून नोकरी करणाऱ्या मुलालाही साधं रिटर्न चालत नाही, आयटीआर-३ भरावं लागतं. बऱ्याच घरांत आईला तोटा कळतो तो जुलैत, सीएच्या तोंडून. तोपर्यंत कशाला थांबायचं? ॲपमध्ये वर्षाचा नफा-तोट्याचा तक्ता मिळतो, तो छापून घ्या. दिवाळीला वहीपूजनात दुकानाच्या वहीशेजारी तोही ठेवा आणि त्याच दिवशी दुकानाची वही मुलाच्या हातात वाचायला द्या. वडील कुरकुरतील. कुरकुरू देत.