पदवी विचारणे हा उद्धटपणा नव्हे

दिल्लीतील आर. के. पुरमपासून एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी सरकारी रुग्णालये थोड्याच अंतरावर आहेत. दोन्हींत त्वचारोग व प्लॅस्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तरीही फिलर किंवा केशरोपणासाठी निघालेला सुशिक्षित तरुण आधी सवलत पाहतो, मग ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे, डॉक्टरची पदवी विचारताना मात्र त्याला संकोच वाटतो. हा संकोच जिवावर बेतू शकतो.

केशरोपणानंतर झालेल्या एका तरुणाच्या मृत्यूचे प्रकरण २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले. सलूनमध्ये अपात्र व्यक्तींकडून होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांना आळा घालण्याची गरज न्यायालयाने व्यक्त केली. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला स्पष्ट सांगावे लागले की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर शस्त्रक्रिया पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नव्हे. हे सांगावे लागणे हीच शोकांतिका आहे.

‘एवढीशी तर सुई!’ असे म्हणणाऱ्यांनी शरीररचना आठवावी. चेहऱ्यात टोचलेले फिलर धमनीत शिरले तर त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. क्वचित दृष्टीही कायमची जाते. बधिरतेच्या औषधाची मात्रा चुकली तर मेंदू आणि हृदय धोक्यात येते. सुई टोचणे कोणीही शिकेल. गुंतागुंत वेळीच ओळखून ती निस्तरण्यासाठी वर्षानुवर्षांचे प्रशिक्षण लागते.

‘एम.बी.बी.एस. डॉक्टर नाहीत का?’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. ते डॉक्टर निश्चितच आहेत. पण त्वचारोगातील एम.डी. किंवा प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. ही वेगळी पात्रता आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार विशेष पदवीवाचून कोणी स्वतःला तज्ज्ञ म्हणवू शकत नाही. नोंदणी क्रमांक दवाखान्यात, औषधचिठ्ठीवर आणि पावतीवर दर्शवणेही बंधनकारक आहे. म्हणजे पदवी विचारणारा रुग्ण उपकार मागत नाही; तो नियमाचे पालन मागतो.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. नोंदणी क्रमांक राज्य वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत आहे का? पदव्युत्तर पात्रता तिथे नोंदलेली आहे का? आणि संमतीपत्रावर ज्याचे नाव आहे, तोच डॉक्टर प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणार आहे का?

अर्थात, रुग्णाची सावधगिरी ही यंत्रणेच्या आळसाला पळवाट ठरू नये. नियम कागदावर आहेत. ते दवाखान्याच्या भिंतीवर दिसतात की नाही, हे तपासणे परिषदांचे काम आहे. प्रत्येक तपासणी मृत्यूनंतरच होणार असेल, तर तिला नियमन म्हणता येत नाही; तो केवळ पंचनामा ठरतो.