‘कमी’ आणि ‘शुद्ध’

‘लाल मांस’ हा शब्द मराठीने अजून आपलासा केलेला नाही. आपल्याकडे मटण असते, वशाट असते, सागुती असते, मोठ्याचे असते. मांसाला रंग नसतो. त्यामुळे डॉक्टरांनी ‘लाल मांस कमी करा’ असे सांगितले, की ऐकणाऱ्याची पहिली शंका, बोकडाचे त्यात येते का? येते. बोकड, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर या साऱ्यांचे येते. कोंबडी आणि मासळी येत नाही. एवढे स्पष्ट झाले, की उरलेला वैद्यकीय मजकूर तसा थोडका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली सॉसेज, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक, तर लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हणून नोंदवले. सॉसेज तंबाखूच्या गटात गेले म्हणून दोहोंचा धोका सारखा, असे नव्हे; ती प्रतवारी पुराव्याच्या बळाची आहे, धोक्याच्या आकाराची नाही. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंड शिजवलेले लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवावे, असे सुचवतो. हृदयविकाराच्या अंगानेही सल्ला याच दिशेचा आहे.

या सल्ल्याशी आमचे भांडण नाही. तो आपल्याकडे ज्या भाषेत दिला जातो, तिच्याशी आहे. आहारविषयक पत्रके वाचावीत. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच ‘सात्त्विक’, ‘तामसी’, ‘शुद्ध’ हे शब्द येतात. ‘कमी’ हा परिमाणाचा शब्द आहे, तो वजनकाट्यावर तोलता येतो. ‘शुद्ध’ तसा तोलता येत नाही. त्याच्या पोटात कोणाच्या पंक्तीला कोण बसणार, हा जुना प्रश्न असतो. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा मार्च २०१५ मध्ये लागू झाला आणि कर्करोगाविषयीचा तो निष्कर्ष त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण वाचणाऱ्याच्या मनात त्या मिसळल्या, तर दोष वाचणाऱ्याला देता येणार नाही.

मग श्रद्धेला यातून वगळावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. रक्ततपासणीच्या कागदापेक्षा माणसे व्रताला अधिक इमानाने जागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. फक्त व्रत आणि निषेध यांची गल्लत होता कामा नये. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मांस सोडतो ते स्वतःपुरते. घरात जत्रेचे मटण व्हायचे असेल तर चूल अंगणात मांडली जाते, भांडी निराळी असतात, माळकरी बाजूला आपली भाकरी खातो. लेकरांच्या ताटाकडे तो डोळे वटारून पाहत नाही (काही पाहतातही, पण ती माळेची शिकवण म्हणता येणार नाही). वसईच्या कॅथलिक घरांतील उपवासकाळाचे शुक्रवार याच जातकुळीचे आहेत. बकरी ईदच्या कुर्बानीचे तीन वाटे करून त्यांतला एक गरिबांना देण्याची चाल तर अधिकच बोलकी आहे. ज्या सणाच्या केंद्रस्थानी मांसच आहे, त्यातही सगळे आपल्याच हंडीत घालायचे नाही.

या संदर्भात दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. जुन्या करारातील दानीएलाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात बाबेलच्या दरबारी नेलेला हा तरुण राजाचे अन्न व द्राक्षारस नाकारतो आणि दहा दिवस शाकभाजी व पाणी यांवर राहून दाखवतो. दहा दिवसांनी तो नि त्याचे सोबती इतरांपेक्षा धष्टपुष्ट दिसतात. आजचे आहारतज्ज्ञ या कथेत पथ्य शोधतात. पण संहिता नीट पाहिली तर तब्येत हा दानीएलाचा हेतू नाही. राजाला भिणाऱ्या अधिकाऱ्यापाशी ठेवलेले ते तारण आहे. मूळ नकार राजाच्या ताटाला आहे. दुसरा प्रसंग मार्च १९२७ मधील महाडच्या परिषदेचा. तेथे बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे आवाहन केले. तेही आरोग्यासाठी नव्हते आणि सोवळ्यासाठी तर नव्हतेच. दुसऱ्याने टाकलेल्यावर जगायचे नाही, यासाठी होते. दोन्हीकडे पदार्थापेक्षा तो कोणाच्या हातून आणि कोणत्या नात्याने येतो, हे महत्त्वाचे आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकाचे शीर्षकच या जागेवर बोट ठेवते. वजडी आणि चान्या यांना ज्या स्वयंपाकशास्त्रात जागाच नव्हती, त्याने त्या खाणाऱ्यांना पथ्य सांगावे, ही गोष्ट ऐकणाऱ्याला टोचणारच.

त्यातून सल्ला कोणाला द्यायचा, हाही प्रश्न आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मांसातले लोह शरीरात चटकन शोषले जाते. जिच्या ताटात महिन्याकाठी दोन फोडी येतात, तिला ‘कमी करा’ सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य ऐकवणे होय. सल्ला लागू पडतो तो दर रविवारी अर्धा किलो आणि अधूनमधून बर्गर, सॉसेज असा क्रम असलेल्या शहरी घराला. आमच्या वाचकांत अशी घरे कमी नसावीत. अशा घरातले लोक श्रावण पाळतातही, पण गटारीला आणि श्रावण उलटल्यावर वसुली इतकी कडक असते, की वैद्यकाच्या वहीत त्या महिन्याचे पुण्य फारसे जमा होत नाही.

कोकणात काही घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. ‘शुद्ध व्हा’ म्हणणारे पत्रक त्या घरातल्या आजीच्या हाती पडले, तर तिच्याबरोबर तिची गौरही अशुद्ध ठरते. तेच तिला, नैवेद्य राहू दे, तुमच्या वाटीत दोन फोडी कमी घ्या, असे सांगून पाहावे. ती ऐकून घेईल, आणि बहुधा विचारील, की नुसता रस्सा चालेल ना?