तळपायाचा काळा डाग

मैत्रिणींनो, उन्हं तापू लागली की आमच्याकडे उन्हाची पत्रं सुरू होतात. कुणाच्या गालावर वांग, कुणाची लेक काळवंडली, कुणाला घामोळं. या आठवड्यात मेढ्याच्या एका वहिनींचं पत्र आलंय, ते मात्र निराळं आहे. त्यांच्या परवानगीनं थोडक्यात देते.

"माझी धाकटी नणंद पुण्याला नोकरी करते. लग्न केलं नाही. बारा वर्षं मैत्रिणीबरोबर राहते. नुसती मैत्रीण नव्हे, दोघींचा संसारच आहे. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलत कुणी नाही. परवा दोघी आल्या होत्या. पाय धुताना नणंदेच्या तळपायावर काळा डाग दिसला. वर्षापूर्वी मसुराएवढा होता, आता हरभऱ्याएवढा झालाय. माझ्या मुलानं मोबाइलवर वाचलं, की अशा लोकांना कातडीचा कॅन्सर जास्त होतो. सासूबाई म्हणाल्या, केल्याची फळं! नणंद डॉक्टरकडे जायला तयार नाही. म्हणते, 'आधी विचारतात, मिस्टर काय करतात?' आम्ही काय समजावं?"

वहिनी, आधी मुलाच्या वाचनाचं बघू. त्यानं वाचलं ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत २०१४ ते २०१८ या वर्षांत झालेल्या मोठ्या पाहणीत, पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांमध्ये कातडीचा कॅन्सर थोडा जास्त आढळला. शंभरात सुमारे आठ, तर इतर पुरुषांत सुमारे सात. तिकडे कातडी तांबूस दिसावी म्हणून खास दिव्यांखाली पडून राहण्याची हौस आहे, आणि या पुरुषांत ती जास्त दिसते. या दिव्यांतून उन्हातलेच अतिनील किरण येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००९ साली त्यांना कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात टाकलं. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांमध्ये मात्र त्याच पाहणीत हे प्रमाण इतर बायकांपेक्षा जास्त नव्हतं. तेव्हा सासूबाईंना सांगा, हा आजार कुणाचा संसार कुणाबरोबर आहे ते विचारून येत नाही.

आता डागाचं. आपल्या सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून बरंच राखण करतं, म्हणून हा कॅन्सर आपल्याकडे कमी. पण कमी म्हणजे नाहीच असं नव्हे. काळ्या डागाचा जो घातक प्रकार आहे, तो सावळ्या माणसांत बहुधा तळपाय, तळहात आणि नखाखाली उठतो. तिथं ऊन लागत नाही, त्यामुळे कुणाचं लक्षही जात नाही. जमैकाचा गायक बॉब मार्ली याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो झाला, आणि १९८१ साली वयाच्या ३६व्या वर्षी तो गेला.

डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रंग एकसारखा नसेल, रक्त येत असेल किंवा फोड महिनाभरात भरत नसेल, तर थांबू नये. नखावर नवी काळी रेघ उठून रुंद होऊ लागली तरीही दाखवावं. कुरूप समजून ब्लेडनं कापायचं नाही, बिब्बा लावायचा नाही. बिब्ब्यानं कातडी भाजते आणि मूळ रूप झाकलं जातं. कातडीचे डॉक्टर भिंगातून पाहतील, शंका वाटली तर तुकडा काढून तपासतील. पुष्कळ डाग साधे तीळच निघतात. पण वाईट निघाला, तर लवकर काढलेला आणि उशिरा काढलेला यात जीवनमरणाचं अंतर असतं. पुण्यात ससूनला हा विभाग आहे. वर्षभर वाढलेला डाग आहे, दिवाळीची वाट पाहू नका. याच आठवड्यात जायला हवं.

आणि तो 'मिस्टर'चा प्रश्न. असं नातं गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितलं. त्यांच्या लग्नाला मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं मान्यता दिली नाही. म्हणून दवाखान्यात 'या तुमच्या कोण?' म्हटलं की जीभ अडते, आणि माणूस जायचंच टाळतं. डाग दाखवायला नवऱ्याचं नाव लागत नाही. "लग्न केलेलं नाही, या माझ्या घरच्या," एवढं उत्तर पुरे. पण वहिनी, तुम्हीही बरोबर जा. सासरचं एक माणूस शेजारी बसलं की निम्मी भीती तिथंच ओसरते. आपली पाठ आणि तळपाय आपल्याला नीट दिसत नाहीत, ते घरच्यांनीच बघायचे. त्या मैत्रिणीनं डाग दाखवायचा हट्ट धरला असेल, तर तिचे उपकार माना.

आता सगळ्यांसाठी चार गोष्टी. दहा ते चार ऊन कडक असतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की ऊन टाळावं. उंचीवर किरण अधिक, दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के. म्हणजे महाबळेश्वरची थंड हवा फसवी. ढगातूनही ते येतात. भातकापणीला बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, त्याला हसू नका. लांब बाह्या आणि डोक्यावर पदर, यासारखं दुसरं औषध नाही. क्रीम घ्यायचंच तर तीस क्रमांकाच्या पुढचं, निघण्याआधी वीस मिनिटं, आणि दर दोन तासांनी पुन्हा. वांगासाठीही ते उपयोगी.

आणखी एक. परकराची नाडी करकचून बांधू नका. कमरेवर वर्षानुवर्षं काच पडून न भरणारी जखम होते, आणि तिचा कधी कॅन्सर होतो. वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ साली दोन वयस्क बायकांची अशी हकिगत प्रसिद्ध केली. नाडीऐवजी रुंद पट्टा लावा आणि बांधायची जागा बदलत जा. जुनी भाजल्याची खूण चिघळली तरी हाच नियम, दाखवायचं.

वहिनी, डॉक्टर काय म्हणाले ते दोन ओळींत कळवा. वाट बघते.